कादिझ: सेव्हिलहून एका दिवसात उरकण्याचे शहर नव्हे

नावाडी

स्पेनला जाणारी आपली मंडळी बहुधा माद्रिद, बार्सिलोना, ग्रॅनडा आणि सेव्हिल या ठरलेल्या वाटेने फिरतात आणि त्या वाटेवर अटलांटिक महासागर कोठेच लागत नाही. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही दोघे मुद्दाम ही वाट सोडून कादिझला गेलो आणि चार दिवस राहिलो. परतल्यावर ओळखीच्यांनी विचारले, की तेथे पाहण्यासारखे काय आहे, तेव्हा मला चटकन उत्तर देता आले नाही. कारण ग्रॅनडाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यासारखी एकच भव्य वास्तू दाखवून मोकळे व्हावे, असे कादिझमध्ये काही नाही. जे आहे ते समुद्राशी जोडून पाहिले तरच उलगडते, आणि ते सविस्तर सांगावे म्हणून हा धागा काढत आहे.

आधी नावाविषयी. स्पेनच्या इतर भागांत 'कादिथ' म्हणतात, अंदालुसियात शेवटचा वर्ण गिळला जातो, आणि खुद्द गावकरी त्याहून आखडून नुसते 'काई' म्हणतात. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून आलेल्या फिनिशियन व्यापाऱ्यांनी ठेवलेले मूळ नाव 'गदिर', म्हणजे तटबंदीची जागा. रोमनांनी त्याचे 'गादेस' केले आणि अरबांनी 'कादिस'. परंपरेने नगराच्या स्थापनेचे वर्ष इ. स. पूर्व ११०४ सांगितले जाते. उत्खननात मिळालेले अवशेष मात्र इ. स. पूर्व नवव्या-आठव्या शतकांपासूनचे आहेत. ही तफावत मान्य करूनही, पश्चिम युरोपातील सतत वस्ती असलेल्या सर्वांत जुन्या नगरांत त्याची गणना होते.

हे सगळे वय डोळ्यांना मात्र दिसत नाही. जुने शहर समुद्रात घुसलेल्या एका चिंचोळ्या पट्टीच्या टोकाशी वसलेले आहे, त्याला वाढायला जागा नाही, आणि त्यामुळे प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीच्या डोक्यावर घर बांधले. प्राचीन काळी येथे एक पट्टी नसून बेटे होती आणि त्यांच्या मधून एक खाडी वाहत असे. ती खाडी गाळाने भरून गेली आणि आज तिच्यावरून रस्ते जातात.

गदिर पाहायचे असेल तर एका कठपुतळ्यांच्या नाट्यगृहात जावे लागते. त्याची नवी इमारत बांधताना खाली फिनिशियन वस्ती सापडली आणि आता रंगमंचाखाली जिना उतरून गेले, की सुमारे नऊ मीटर खोलीवर घरांच्या भिंती, चुली आणि गल्ल्या दिसतात. काचेच्या पुलावरून चालताना खाली मातीच्या घराचा ओटा दिसतो, आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मुले बाहुल्यांचा खेळ पाहत असतात. मला चारही दिवसांत सर्वांत जास्त भावलेली जागा हीच होय.

रोमन नाट्यगृहाची कथाही तशीच आहे. मध्ययुगीन किल्ल्याचे अवशेष शोधण्यासाठी १९८० मध्ये पोपुलो वस्तीत खणायला घेतले आणि हाती लागले ते इ. स. पूर्व पहिल्या शतकातील, सुमारे दहा हजार प्रेक्षक बसतील एवढे नाट्यगृह. ते बांधवले लुसियस कॉर्नेलियस बाल्बस याने. हा गादेसचाच धनिक, सीझरचा विश्वासू, आणि इटलीबाहेर जन्मूनही रोमचा कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च पदाधिकारी, झालेला पहिला माणूस. नाट्यगृहाचा बराचसा भाग अजूनही शेजारच्या घरांखाली आहे. घरे पाडल्याखेरीज तो मोकळा होणार नाही, आणि त्यांत माणसे राहतात. मला तो अर्धवटपणाच आवडला. प्रेक्षकांच्या पायऱ्या अर्धवर्तुळ पुरे करण्याआधीच कोणाच्या तरी स्वयंपाकघराच्या भिंतीत शिरतात.

त्याच १९८० साली आणखी एक गोष्ट घडली. १८८७ मध्ये शहराबाहेर दाढीधारी पुरुषाची आकृती कोरलेली संगमरवरी फिनिशियन शवपेटी सापडली होती आणि तिच्यामुळेच येथील संग्रहालयाला आकार आला. पेलायो किन्तेरो नावाच्या पुरातत्त्वज्ञांना पक्की खात्री होती, की हिची जोडीची, स्त्रीची शवपेटी येथेच कोठेतरी असली पाहिजे. ते ती आयुष्यभर शोधत राहिले आणि १९४६ मध्ये मोरोक्कोतील तेतुआन येथे वारले. १९८० मध्ये नव्या बांधकामासाठी पाया खणताना ती सापडली, आणि ज्या जागेवर सापडली तेथेच एके काळी किन्तेरोंचे राहते घर होते. मिना चौकातल्या संग्रहालयात आज दोन्ही शवपेट्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. त्याच्या हातात फळ आहे, तिच्या हातात अत्तराची कुपी आहे. तेथील बाकावर बसून किन्तेरोंचा विचार केल्यावाचून राहवत नाही.

आता जमिनीखालून गच्चीवर जाऊ. कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीचा १७ जहाजांचा ताफा १४९३ मध्ये येथून निघाला, तरी अमेरिकेशी व्यापाराचा मक्ता त्यानंतर दोन शतके सेव्हिलकडेच होता. सेव्हिल नदीवर आहे. जहाजे मोठी होत गेली आणि ग्वादालकिविर नदीच्या मुखाशी असलेला वाळूचा दांडा त्यांना ओलांडता येईना, तेव्हा १७१७ मध्ये व्यापाराचे मुख्य कार्यालय कादिझला हलवले गेले. पुढची सुमारे साठ वर्षे अमेरिकेतील चांदी, कोको, नीळ आणि किरमिजी रंग याच धक्क्यावर उतरले. आज दिसणारे जुने शहर मुख्यत्वे त्या काळाचे आहे.

व्यापाऱ्यांची घरे एकाच साच्याची होती. तळमजल्यावर वखार, त्यावर कचेरी, त्यावर कुटुंबाचा मजला, सर्वांत वर नोकर, आणि गच्चीवर बुरूज. अंगणाखाली पावसाचे पाणी साठवायचे टाके असे, कारण या खडकावर गोडे पाणी नाही. बुरूज शोभेसाठी नव्हता. आपले जहाज परत आले का, आणि कोणते निशाण लावून आले, हे इतरांच्या आधी कळावे म्हणून तो होता. ज्याला आधी कळेल त्याला बाजारभाव साधता येत असे. असे शंभराहून अधिक बुरूज आजही उभे आहेत, मात्र गल्ल्या इतक्या अरुंद आहेत, की रस्त्यावरून त्यांतील जेमतेम दहा दिसतात. त्यासाठी तोरे ताविरा या बुरुजावर चढावे. समुद्रसपाटीपासून ४५ मीटर उंचीवरचा हा बुरूज १७७८ मध्ये बंदराचा अधिकृत टेहळणी बुरूज ठरला आणि पहिला टेहळ्या अंतोनियो ताविरा याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. वर अंधाऱ्या खोलीत भिंग आणि आरसा यांच्या साहाय्याने शहराची हालती प्रतिमा एका पांढऱ्या वाटोळ्या पटलावर पाडून दाखवतात. वाळत घातलेले कपडे हलताना दिसतात, आणि बुरूज कसे समुद्राकडे माना वळवून उभे आहेत हे एका नजरेत कळते.

काही प्रश्न असतील तर विचारावेत. किल्ले आणि कॅथेड्रल यांविषयी पुढील प्रतिसादांत लिहीन.

शेवंता_कु

लेख आवडला. मात्र आमच्यासोबत सासूबाई आणि सासरे असणार आहेत, दोघेही सत्तरीच्या पुढचे. सेव्हिलहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणे जमेल का? शीर्षकात तुम्ही नाही म्हटले आहे, तरीही विचारते.

नावाडी

जमेल, शेवंताताई. सेव्हिलच्या सांता हुस्ता स्थानकावरून रेल्वेने साधारण पावणेदोन तास लागतात आणि कादिझचे स्थानक जुन्या शहराच्या वेशीवरच आहे, त्यामुळे उतरून थेट चालू लागता येते. शहर जवळजवळ सपाट आहे, ही ज्येष्ठांसाठी मोठी सोय. तोरे ताविराला मात्र १७० च्या आसपास पायऱ्या आहेत.

अडचण वेळेची आहे. दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान बरीच दुकाने आणि काही स्थळे बंद असतात, आणि एका दिवसाच्या भेटीत नेमके तेच तास हातात येतात. दुसरे असे, की बंदरात मोठी पर्यटक जहाजे लागली, की सकाळी अकरा ते चार कॅथेड्रलच्या परिसरात पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी ती जहाजे निघून जातात, गावकरी खुर्च्या घेऊन चौकांत आणि कालेता या पुळणीच्या वाळूवर येतात, आणि तेव्हा हे गाव कसे आहे ते कळते. निदान एक रात्र तरी राहावे, एवढाच शीर्षकाचा अर्थ. आणि सोमवारी जाऊ नये. संग्रहालय बंद असते. आम्ही सोमवारीच पोहोचलो होतो.

दगडधोंडे

स्थापत्य अभियंता असल्याने एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. जुन्या कादिझच्या तटबंदीचा आणि बहुतेक घरांचा दगड म्हणजे 'पिएद्रा ओस्तियोनेरा'. समुद्रकिनारी शिंपले, वाळू आणि गोटे चुन्याने सांधले जाऊन तो तयार झाला आहे. जवळून पाहिले तर त्यात अखंड शिंपले दिसतात. तो सच्छिद्र आहे, खारट ओलावा शोषतो आणि झिजतो, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा आवश्यक असे. गिलावा काढून 'दगडी सौंदर्य' उघडे करण्याची अलीकडची हौस त्या भिंतींना मानवणारी नाही, असे माझे मत आहे.

त्याच क्षारांचा त्रास कॅथेड्रललाही आहे. १७२२ मध्ये विसेन्ते आसेरो यांच्या आराखड्यानुसार काम सुरू झाले आणि १८३८ मध्ये संपले. या ११६ वर्षांत अमेरिकेचा पैसा आटला, वास्तुविशारद बदलले, बरोक शैली जाऊन नवअभिजात शैली आली, आणि दगडही बदलला. खालचा भाग गडद, वरचा पांढरट. बाहेरून पाहताना पैसा कोठपर्यंत पुरला याची रेघच भिंतीवर ओढलेली दिसते. आत घुमटाखाली जाळ्या ताणलेल्या आहेत, कारण खाऱ्या हवेने दगडाचे कपचे सुटून पडतात. तळघर समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि तेथे संगीतकार मान्युएल दे फाया यांची समाधी आहे. ते १८७६ मध्ये कादिझमध्ये जन्मले आणि १९४६ मध्ये अर्जेंटिनात वारले. तेथे उभे राहून एक टाळी वाजवून पाहावी.

रस्त्यांच्या कोपऱ्यांवर जुन्या तोफा उभ्या पुरलेल्या दिसतात, त्यांचे कारणही याच दगडात आहे. गाडीच्या चाकाचा आस घासून मऊ दगडाचा कोपरा फुटू नये म्हणून निकामी तोफा तेथे रोवल्या.

जुनानकाशा

नावाडी, तुम्ही प्राचीन काळातील एका गोष्टीचा उल्लेख केला नाही, जी भारतीय वाचकांना सांगितलीच पाहिजे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस किझिकसचा युडॉक्सस नावाचा ग्रीक दर्यावर्दी इजिप्तच्या राजदरबारातर्फे मोसमी वाऱ्यांच्या आधारे दोनदा भारतात येऊन गेला. दुसऱ्या खेपेला परतताना वारे त्याला आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर घेऊन गेले आणि तेथे त्याला फुटलेल्या गलबताची घोड्याचे तोंड कोरलेली नाळ, म्हणजे पुढचे टोक, मिळाली. अलेक्झांड्रियाच्या बंदरात त्याने ती दाखवली तेव्हा जाणकारांनी सांगितले, की अशी घोडतोंडी नाळ गादेसच्या मच्छीमारांच्या होड्यांना असते. त्यावरून त्याने ताडले, की गादेसचे गलबत आफ्रिकेला वळसा घालून इकडे आले असले पाहिजे. दोन्ही खेपांचा माल राजाने काढून घेतला होता, म्हणून तो चिडलेलाच होता. त्याने सरळ गादेस गाठले, जहाजे सजवली, त्यांत वैद्य, कारागीर आणि गाणाऱ्या मुली घेतल्या, आणि आफ्रिकेला वळसा घालून भारताकडे निघाला. पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्या प्रयत्नानंतर त्याचे काय झाले ते कळत नाही.

ही कथा ग्रीक तत्त्वज्ञ पोसिडोनियसने सांगितली आणि भूगोलकार स्ट्रॅबोने ती उद्धृत करून तिच्यावर यथेच्छ अविश्वास दाखवला. खरी असो वा नसो, वास्को द गामाच्या सोळा शतके आधी कादिझच्या धक्क्यावर भारताकडे जायच्या त्या मार्गाची चर्चा होत होती, हे मला फार मोलाचे वाटते. हाच पोसिडोनियस गादेसमध्ये राहून भरती-ओहोटीची निरीक्षणे करीत असे आणि तिचा चंद्राशी असलेला संबंध तपासत असे. भूमध्य समुद्रात पाणी फारसे चढत-उतरत नाही, त्यामुळे तिकडच्या माणसाला हे नवल होते. कोकणातल्या कोणाही पोराला ते नवल वाटले नसते, हा भाग वेगळा.

नावाडी

जुनानकाशा, मनापासून आभार. ही कथा मला ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर कालेताच्या होड्यांच्या नाळी नीट पाहिल्या असत्या.

कालेताचा विषय निघालाच आहे तर किल्ल्यांविषयी लिहितो. कालेता ही दोन किल्ल्यांच्या मधली लहानशी चंद्रकोरीसारखी पुळण आहे. १५८७ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने बंदरात घुसून जहाजे जाळली, आणि १५९६ मध्ये इंग्रज-डच आरमाराने शहर लुटून पेटवून दिले. त्यानंतर लगेच दुसऱ्या फिलिपच्या आज्ञेने सांता कातालिना हा चांदणीच्या आकाराचा किल्ला बांधायला घेतला. त्या आगीमुळेच कादिझमध्ये मध्ययुगीन असे फार थोडे उरले आहे: पोपुलो वस्तीच्या तीन कमानी, आणि पुन्हा उभारलेले जुने कॅथेड्रल. दुसरा किल्ला सान सेबास्तियान. तो अठराव्या शतकातला असून समुद्रातल्या खडकावर आहे. तेथे एक लांब दगडी वाट पाण्यातून जाते, आणि भरतीच्या वेळी दोन्ही बाजूंनी लाटांचे तुषार अंगावर येतात. आमच्या वेळी किल्ल्याचे दार बंद होते, पण वाटेवरून चालत जाणे हाच त्यातला खरा आनंद आहे. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी निघावे.

मांडवीकर

१८१२ च्या राज्यघटनेचा उल्लेख कोणी कसा केला नाही, याचे आश्चर्य वाटले. नेपोलियनच्या फौजांनी जवळजवळ सगळा स्पेन व्यापला होता. १८१० च्या फेब्रुवारीपासून १८१२ च्या ऑगस्टपर्यंत कादिझला वेढा पडला होता, पण समुद्राची बाजू उघडी असल्याने शहर पडले नाही. त्याच वेढ्यात, सान फेलिपे नेरी नावाच्या लंबगोल प्रार्थनामंदिरात, स्पेन आणि तिच्या वसाहतींतून आलेल्या प्रतिनिधींनी घटना लिहिली आणि १९ मार्च १८१२ रोजी ती जाहीर केली. तो संत जोसेफचा दिवस, आणि होसेफा या नावाचे लाडके रूप पेपा, म्हणून लोक या घटनेला 'ला पेपा' म्हणू लागले. सार्वभौमत्व राजाचे नसून राष्ट्राचे आहे, हे तिने लिहून ठेवले. 'लिबरल' हा शब्द राजकीय पक्षाच्या अर्थाने रूढ झाला तोही येथूनच. भिंतीवर निरनिराळ्या देशांनी लावलेले स्मृतिफलक आहेत, ते वाचण्यातच आमचा एक तास गेला.

आता गोव्याचा संबंध सांगतो. १८२० मध्ये पोर्तुगालमध्ये उठाव झाला आणि १८२२ मध्ये तेथे पहिली राज्यघटना आली. तिचा नमुना कादिझची घटना हाच होता. त्याच घडामोडींत गोव्यातून लिस्बनच्या संसदेसाठी तीन प्रतिनिधी निवडले गेले आणि त्यांत बेर्नार्दो पेरेस द सिल्वा आणि कोन्स्तान्सियो रोक द कोस्ता हे दोघे मूळचे गोमंतकीय होते. हेच पेरेस द सिल्वा १८३५ मध्ये पोर्तुगीज हिंदुस्थानचे प्रमुख झाले आणि काही आठवड्यांतच लष्करी बंडाने पदच्युत झाले. माझे शिक्षण पणजीत झाले असूनही हा धागा कादिझपर्यंत पोहोचतो हे मला त्या फलकांसमोर उभे राहीपर्यंत लक्षात आले नव्हते.

आणखी एक. पॅरिसमध्ये आयफेल मनोऱ्यासमोर जे त्रोकादेरो आहे, ते नाव कादिझच्या उपसागरातील एका बेटवजा किल्ल्याचे आहे. १८२३ मध्ये फ्रेंच फौजेने तो जिंकून स्पेनच्या राजाला पुन्हा अनियंत्रित सत्ता मिळवून दिली. आपण पॅरिसमध्ये ज्या ठिकाणी छायाचित्रे काढतो ते ला पेपाच्या पराभवाचे स्मारक आहे.

उलटसुलट

सर्वांचे लेखन माहितीपूर्ण आहे. पण वाचताना थोडे अस्वस्थ वाटले. चांदी आली, कोको आला, बुरूज उभे राहिले, असे आपण लिहितो. ती चांदी दक्षिण अमेरिकेतील पोतोसीच्या खाणींत कोणी खणली? १७६५ मध्ये कादिझच्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकन गुलामांच्या व्यापाराचा मक्ता घेणारी कंपनी काढली होती, आणि तिच्या नावातच तो व्यापार उघड लिहिलेला होता. ज्या घटनेचे मांडवीकर कौतुक करतात तिने आफ्रिकन वंशाच्या माणसांना सरसकट नागरिकत्व दिले नाही आणि कॅथलिकखेरीज अन्य धर्माला मान्यता दिली नाही. वारसास्थळे पाहायला जाताना हे विसरायचे का?

मांडवीकर

विसरू नये, हे मान्य. १८११ मध्ये याच सभेत आगुस्तिन आर्गुएयेस आणि मेक्सिकोचे प्रतिनिधी गुरिदी इ आल्कोसेर यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ठराव मांडले होते आणि ते मंजूर झाले नाहीत, एवढी भर घालतो. तरीही त्या काळी राजाला घटनेने बांधणे ही लहान गोष्ट नव्हती. सातव्या फर्दिनांदने परत येताच १८१४ मध्ये ती रद्द केली, यावरून ती त्याला किती बोचत होती हे कळते.

नावाडी

उलटसुलट, तुमची टीका माझ्या मूळ लेखालाही लागू पडते. बुरुजांविषयी लिहिताना मी फक्त वाट पाहणाऱ्याच्या बाजूने लिहिले; जहाजात काय भरले होते आणि ते कोणी भरले, याचा शब्दही त्यात नाही. तोरे ताविराच्या मार्गदर्शिकेने जहाजांच्या निशाणांविषयी भरभरून सांगितले होते, मालाविषयी थोडे सांगितले होते, आणि माणसांविषयी काहीच नाही. तेव्हा मलाही विचारण्याचे सुचले नाही.

शेवंता_कु

विषय गंभीर झाला असताना स्वयंपाकघराकडे वळते, क्षमस्व. सासूबाई शाकाहारी आहेत आणि मी व माझे पती मासे खातो. मासळीच्या गावात त्यांचे कसे होईल?

मांडवीकर

तुम्हा दोघांची चंगळ होईल. मध्यवर्ती बाजारात सकाळी जाऊन मासळीची मांडणी पाहावी. ट्यूना तर गोमांसासारखा लालभडक असतो. 'तोर्तियिता दे कामारोनेस' चुकवू नये. बारीक कोळंबी, कांदा आणि कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली हे सारे चण्याच्या आणि गव्हाच्या पिठात पातळ कालवून तेलात सोडतात. कुरकुरीत जाळीदार होते. पहिल्या घासालाच माझी पत्नी म्हणाली, "ही तर आपली जवळ्याची भजी!" 'कासोन एन आदोबो' म्हणजे व्हिनेगर, जिरे आणि लसूण यांत मुरवून तळलेली लहान मुशी. ती तर मला घरचीच वाटली.

नावाडी

शाकाहारासाठी थोडी काळजी घ्यावी लागते. 'पापास आलिन्यास', म्हणजे उकडलेला बटाटा, कांदा, व्हिनेगर आणि ऑलिव्हचे तेल घालून केलेली कोशिंबीर, सर्वत्र मिळते. पण तिच्यावर बहुधा ट्यूना घालतात, म्हणून 'सिन आतून' असे आधीच सांगावे. साल्मोरेखो हे टोमॅटोचे दाट गार सूप मिळते, त्यावर हॅम आणि अंडे भुरभुरतात, तेही नको म्हणून सांगावे. डोंगराकडच्या गावांतून येणारे पायोयो हे शेळीच्या दुधाचे चीज उत्तम. तळलेल्या भाज्या मात्र मासळीच्याच तेलात तळलेल्या असतात, त्यामुळे सासूबाईंना चालणार नसेल तर त्या टाळाव्यात. आमच्या सौभाग्यवती शाकाहारी आहेत; त्यांनी चार दिवस पाव, चीज, टोमॅटो आणि बटाटे यांवर विनातक्रार काढले. पाचव्या दिवशी सेव्हिलला पोहोचून पालक आणि काबुली चण्यांची भाजी समोर आली तेव्हा मात्र त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

दगडधोंडे

जाता जाता ला विन्या वस्तीविषयी. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बनच्या भूकंपाने उठलेली लाट कादिझवर आली. ला पाल्मा रस्त्यावर, जेथून पाणी मागे फिरले असे मानतात, तेथे त्याची आठवण जपलेली आहे. चर्चमधील धर्मगुरू मेरीचे निशाण घेऊन लाटेसमोर गेले अशी श्रद्धा आहे. त्या वस्तीत आज मासळीच्या खानावळी आहेत आणि कार्निव्हलच्या दिवसांत तेथेच चौकाचौकांत 'चिरिगोता' गाणारी टोळकी उभी राहतात, ज्यांच्या विडंबनातून महापौरही सुटत नाहीत. तुम्ही फेब्रुवारीत जाणार असाल तर निवासाची सोय काही महिने आधी करावी.

जुनानकाशा

कालेतासमोरच्या जुन्या रुग्णालयाच्या दारातील दोन प्रचंड वृक्ष कोणी पाहिले का? गावकरी सांगतात, की भारतातून परतणाऱ्या मिशनऱ्यांनी ती रोपे येथे दिली. मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी होतो; पाने पाहताच कळले, की हा आपला वड नव्हे, ऑस्ट्रेलियातील त्याचा चुलतभाऊ आहे. फळविक्रेत्या आजोबांना मी तसे सांगून पाहिले. त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिले आणि विचारले, "तुम्ही भारताचे ना? मग तुमचेच झाड तुम्हाला ओळखता येत नाही?"

शेवंता_कु

दोन रात्रींचे आरक्षण केले आहे, मंगळवार आणि बुधवार. सासरेबुवांना तोरे ताविरा चढायचाच आहे म्हणतात.

नावाडी

मग पूर्वेकडून 'लेवान्ते' वारा सुटलेला नाही ना, हे सकाळी एखाद्या दुकानदाराला विचारून घ्यावे. तो सुटला, की वरच्या गच्चीवर टोपी टिकत नाही. माझी कोणाच्या तरी अंगणात पडली आहे.